‘बायबलमध्येच लिहिलंय’ असं कुणी म्हणालं, तर पुढे काय विचारायचं?

१४ जून २०१८ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल जेफ सेशन्स इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन शहरात भाषण करत होते. मेक्सिकोच्या सीमेवरून विनापरवाना येणाऱ्या लोकांची मुलं त्यांच्यापासून वेगळी ठेवली जात होती आणि त्यावरून देशभर गदारोळ चालू होता. टीका करणाऱ्यांत चर्चची मंडळीही होती. त्यांना उत्तर म्हणून सेशन्सनी थेट बायबलच पुढे केलं: येशूनंतरच्या पहिल्या पिढीतला धर्मप्रचारक पौल याने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा १३वा अध्याय. सरकारचे कायदे पाळा, कारण सत्ता देवाने नेमलेली आहे. सेशन्स स्वतः मेथडिस्ट पंथाचे. चारच दिवसांत त्यांच्याच पंथातल्या सहाशेहून जास्त लोकांनी त्यांच्याविरुद्ध चर्चकडे रीतसर तक्रार दिली.

आपल्याकडे हाच वाद व्हॉट्सअॅपवर येतो. एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला तलवार, आणि मधे ठळक अक्षरांत ‘मी शांतता नव्हे, तलवार आणायला आलो आहे’. खाली कुणाची तरी टिप्पणी: हाच का तुमचा शांतिदूत? मग ग्रुपमधला एखादा ख्रिस्ती मित्र ‘देव प्रीती आहे’ हे वचन गुलाबाच्या फुलावर छापून पाठवतो. दोघंही खूश, आणि दोघांपैकी एकानेही तो अध्याय उघडलेला नसतो.

मी ख्रिस्ती आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझा कल कुठे आहे ते वाचकाला धरून चालता येईल. पण अडचणीच्या वचनांवर आमची मंडळी जी उत्तरं देतात, ती सगळी एका मापाची नाहीत. काही खरोखर विचार करून दिलेली आहेत, काही नुसती सारवासारव आहे. त्यांतला फरक कसा ओळखायचा, हाच या लेखाचा विषय.

## आकडे फार नंतर आले

बायबल म्हणजे एक सलग पुस्तक नव्हे. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ आणि कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आहेत. त्यांत कायदे आहेत, राजांच्या बखरी आहेत, प्रेमगीतं, विलाप, म्हणी आणि खासगी पत्रंही आहेत. येशूच्या आधीच्या भागाला जुना करार म्हणतात, तो बहुतेक हिब्रूत आहे. नंतरचा तो नवा करार, तो ग्रीकमध्ये. मजकूर कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी लिहिला हे पाहून अर्थ लावायच्या अभ्यासाला अर्थनिर्णय म्हणतात. एवढा एकच जड शब्द आज लागेल.

आपण ज्याला ‘वचन’ म्हणतो ते म्हणजे आकडा घातलेलं एखादं वाक्य, कधी कधी तर अर्धंच. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, इंग्लंडच्या स्टीफन लँग्टन यांच्या नावावर असलेली. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. म्हणजे पौल जाऊन जवळपास दीड हजार वर्षं झाल्यावर. हवी ती जागा पटकन सापडावी ही सोय होती. पण आकडा आला की वाक्य सुटं करता येतं, आणि सुटं झालेलं वाक्य कुठेही डकवता येतं.

एक उदाहरण जवळून पाहू. ख्रिस्ती लग्नात बरेचदा इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचतात. २२वं वचन बायकांना नवऱ्याच्या अधीन राहायला सांगतं. कित्येक छापील बायबलांत याच वचनाच्या डोक्यावर ‘पतिपत्नींची कर्तव्यं’ अशा थाटाचा मथळा असतो, त्यामुळे नवीन विषय इथूनच सुरू होतो असं वाटतं. मथळ्याच्या वरचं २१वं वचन मात्र सगळ्यांना सांगतं की एकमेकांच्या अधीन राहा. सगळ्यात जुन्या काही हस्तलिखितांत तर २२व्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही, ते २१व्याचं उसनं घेतं. मधे मथळा टाकणाऱ्याने एक वाक्य कापून दोन केलं. वाचन २२पासून सुरू झालं, तर नवऱ्यामुलाच्या वाट्याचं अधीन होणं ऐकूच येत नाही.

पत्रांच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं लागतं, कारण पत्रात एकाच बाजूचं बोलणं आपल्या कानावर पडतं. एस.टी.त शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर दरडावून म्हणतो, ‘उद्या सकाळी त्याला पाण्याचा घोटसुद्धा द्यायचा नाही, कितीही मागू दे.’ आपल्याला वाटतं, काय निर्दय माणूस आहे. पलीकडे आजारी भाऊ आहे आणि उद्या त्याचं ऑपरेशन आहे, हे आपल्याला कळलेलंच नसतं. करिंथ किंवा रोममधल्या मंडळीने, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहाने, पौलाला काय विचारलं होतं, तिथे कोणती भांडणं चालली होती, हे आधी शोधून मग त्याचं उत्तर वाचावं लागतं.

## तलवार खरंच आणली का?

हे तुलनेने सोपं आहे, म्हणून लवकर उरकू. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, १०व्या अध्यायातलं ३४वं वचन. येशू शिष्यांना गावोगाव पाठवतोय आणि तुमचा छळ होईल, घरचेच तुम्हाला पकडून देतील, असं बजावतोय. पुढच्याच वचनात बाप-मुलगा, आई-मुलगी, सासू-सून यांच्यात फूट पडेल असं म्हटलंय, आणि ते शब्द मीखा संदेष्ट्याच्या जुन्या ग्रंथातून घेतलेले आहेत. लूक या दुसऱ्या चरित्रकाराने हाच उद्गार नोंदवताना (१२:५१) ‘तलवार’ हा शब्दच न ठेवता सरळ ‘फूट’ असं लिहिलंय. आणि खरी तलवार उपसायची वेळ येते, येशूला अटक होते, तेव्हा शिष्याला तो ती म्यान करायला लावतो (मत्तय २६:५२).

ही फूट महाराष्ट्राने पाहिलेली आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर मोडलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. घर पुन्हा जुळलं, पण मधल्या काळात जे झालं त्याला ‘तलवार’ म्हणणं मुळीच अतिशयोक्ती नाही.

‘आईबापांचा द्वेष करा’ (लूक १४:२६) याचंही तसंच. मत्तयाने तोच मुद्दा ‘माझ्यापेक्षा आईबापांवर जास्त प्रेम करणारा’ अशा शब्दांत दिलाय (१०:३७). उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब आपल्या दोन बायकांपैकी लेआपेक्षा राहेलवर जास्त प्रेम करायचा असं एका वचनात येतं आणि लगेच पुढच्या वचनात लेआ ‘नावडती’, मूळ शब्दात ‘द्वेष केलेली’, होते. तुलना ठसवायची ही त्या लोकांची बोलायची रीत होती. पण एवढं सांगून हात झटकू नयेत. घरापेक्षा मला आधी धरा, ही मागणी द्वेष वगळला तरी भारीच आहे, आणि ज्याच्या घरात ती येते त्याला ती बोचणारच.

## ‘संदर्भ, संदर्भ’ ही पळवाट नाही का?

कधी कधी असते. त्याचा उत्तम नमुना म्हणजे सुईचं नेढं.

श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं, असं येशू म्हणतो (मार्क १०:२५). यावर प्रवचनांत हमखास ऐकू येणारा खुलासा असा: यरुशलेमच्या तटाला ‘सुईचं नेढं’ नावाचं एक बुटकं दार होतं. उंटाच्या पाठीवरचं ओझं उतरवलं, त्याला गुडघ्यांवर बसवलं की तो त्यातून सरपटत जायचा. म्हणजे श्रीमंतानेही थोडं नम्र व्हावं, की झालं काम.

ऐकायला छान आहे. पण येशूच्या काळात असं दार होतं याचा कसलाही पुरावा नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या भाष्यांत दिसते. खुद्द मजकूरही तिला साथ देत नाही. येशूचं बोलणं ऐकून शिष्य हबकून विचारतात, ‘मग तारण होणार तरी कुणाचं?’ दार सरपटत ओलांडता येण्याजोगं असतं तर हबकायचं कारणच काय? येशूचं उत्तरही ‘जरा वाका’ असं नाही. माणसांना हे अशक्य, देवाला शक्य, असं तो म्हणतो. अशक्य म्हणजे अशक्यच. बाबिलोनी तालमूद या यहुदी ग्रंथात सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती आहे. कधीच न घडणाऱ्या गोष्टीसाठी तो वापरलाय. यरुशलेममध्ये हत्तीचं दार होतं असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.

माझी कसोटी इथून येते. खुलासा केल्यावर वचन समजतं पण त्याची बोच तशीच राहते, तेव्हा तो खुलासा बहुधा खरा असतो. तलवारीच्या वचनाचं तसं झालं. खुलासा ऐकून श्रीमंत माणूस निवांत होऊन घरी जातो, तेव्हा मात्र शंका घ्यावी.

## सरकारचं सगळं ऐकायचं का?

आता सेशन्सच्या वचनाकडे वळू. रोमकरांस पत्र १३:१ ते ७: प्रत्येकाने वरच्या अधिकाऱ्यांच्या अधीन असावं, अधिकार देवाकडूनच असतो, जो अधिकाराला विरोध करतो तो देवाच्या व्यवस्थेला विरोध करतो. संदिग्ध काही नाही. म्हणूनच राजे, गव्हर्नर आणि हुकूमशहा या सगळ्यांचं हे लाडकं वचन. जर्मनीत १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर ते वापरलं गेलं, दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाच्या समर्थनार्थ वापरलं गेलं.

ख्रिस्ती उत्तरांचा पहिला धागा त्या काळाचा आहे. पौलाने हे पत्र सुमारे इ.स. ५७ मध्ये करिंथहून लिहिलं. रोममध्ये नीरो नुकताच गादीवर आला होता. ख्रिस्ती लोकांचा छळ अजून सुरू व्हायचा होता, पण करांच्या जाचावरून शहरात असंतोष होता. सात वचनांचा शेवट कुठे होतो ते पाहा: ज्याला कर द्यायचा त्याला कर द्या, ज्याला जकात त्याला जकात. मूठभर लोकांच्या मंडळीने कर बुडवून राजधानीत स्वतःवर संकट ओढवून घेऊ नये, हा सल्ला इथे आहे. जगभरच्या सगळ्या सरकारांना कायमचा कोरा चेक इथे नाही.

दुसरा धागा मजकुरातलाच. अधिकारी ‘तुझ्या बऱ्यासाठी देवाचा सेवक’ आहे, असं पौल म्हणतो. बोस्टनचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) जोनाथन मेह्यू यांनी १७५० मधल्या एका गाजलेल्या उपदेशात नेमकं हेच वाक्य धरलं: जो अधिकारी लोकांचं भलं करत नाही, त्याचं वर्णन पौलाने केलेलंच नाही, मग त्याची आज्ञा पाळण्याचं बंधन आलं कुठून? या युक्तिवादात वकिली आहे, हे कबूल. पण अधिकारी कुणाचा तरी सेवक असेल, तर त्याच्या वर मालक आहे आणि त्याचा हिशेब होणार आहे, हे नाकारता येत नाही.

तिसरा धागा मला सगळ्यात बळकट वाटतो: पौल स्वतः कसा वागला. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या पहिल्या प्रचारकांच्या, पुस्तकात, १६व्या अध्यायात, फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा साथीदार सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारून तुरुंगात टाकतात. दुसऱ्या दिवशी शहराचे अधिकारी गुपचूप निरोप धाडतात, सोडा त्यांना. पौल जागचा हलत नाही. आम्ही रोमन नागरिक, आम्हाला जाहीरपणे बेकायदा मारलंत आणि आता चोरून बाहेर काढता? तुम्ही स्वतः या आणि आम्हाला बाहेर पोचवा. अधिकारी घाबरतात, येतात, विनवण्या करतात. रोमकरांस १३ लिहिणारा माणूस अधीनतेचा हा अर्थ घेत होता. त्याच पुस्तकात येशूचा शिष्य पेत्र आणि इतर प्रेषित यहुदी न्यायसभेला तोंडावर सांगतात की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे (५:२९). आणि नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात योगायोगाने १३वाच अध्याय सत्तेला समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दाखवतो.

मे १९३४ मध्ये जर्मनीतल्या बार्मेन इथे जमलेल्या ख्रिस्ती प्रतिनिधींनी जाहीरनामा काढला. सरकारला देवाने नेमून दिलेलं काम आहे, हे त्यांनी मान्य केलं, पण माणसाच्या सगळ्या आयुष्याचा एकमेव नियंता होण्याचा दावा सरकारला करता येणार नाही, असं ठणकावलं. सप्टेंबर १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ‘कैरोस’ दस्तऐवजाने रोमकरांस १३च्या सरकारी वापराला ‘राज्याचं धर्मशास्त्र’ असं नाव देऊन तो उघडपणे नाकारला.

मग वचन निकामी झालं का? नाही. कर चुकवणाऱ्या, सिग्नल तोडणाऱ्या भाविकाला ते आजही लागू आहे. त्या बाबतीत ते फारसं कुणी उद्धृत करत नाही, एवढंच.

## गुलामगिरीचं काय?

‘दासांनो, आपल्या धन्याच्या आज्ञेत राहा’ (इफिसकरांस ६:५). हे वचन आहे, आणि अमेरिकेतल्या मळेवाल्यांनी ते शेकडो वेळा वाचून दाखवलं. सदर्न बाप्टिस्ट हा अमेरिकेतला मोठा पंथ १८४५ मध्ये वेगळा झाला तो गुलामांचे मालक मिशनरी होऊ शकतात का, या वादातून. त्या पंथाने माफी मागितली १९९५ मध्ये.

इथे नेहमीचं उत्तर असं असतं की रोमन काळातली गुलामगिरी वेगळी होती, ती वंशावर आधारलेली नव्हती, गुलाम शिक्षक आणि वैद्यही असत. हे खरं आहे, पण अपुरं आहे. खाणीत मरणाऱ्या रोमन गुलामाला हा फरक सांगून दिलासा मिळाला नसता. पौलाने गुलामगिरी बंद करा असं लिहिलेलं नाही, हे मान्य करावंच लागतं.

त्याने जे केलं ते फिलेमोनाला लिहिलेल्या छोट्याशा पत्रात दिसतं. अनेसिम नावाचा गुलाम धन्याकडे परत जातोय, आणि पौल धन्याला लिहितो: याला आता दासासारखा ठेवू नकोस, दासापेक्षा अधिक, प्रिय भाऊ म्हणून ठेव, याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड. भाऊ म्हटल्यावर मालकी किती दिवस टिकणार? टीकाकार म्हणतात, अठराशे वर्षं टिकली की. या टोल्याला माझ्याकडे गुळमुळीत उत्तर नाही. मजकुरात ठिणगी होती आणि ख्रिस्ती समाजाने ती फार काळ झाकून ठेवली, असंच म्हणावं लागेल.

झाकून ठेवली हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी ‘निवडक’ बायबल छापलं गेलं. त्यात योसेफ गुलाम होऊन मिसर देशात जातो, धन्याची इमानाने चाकरी करतो, हे सगळं आहे. पुढे मोशे, मिसरचा राजा फारो, लाल समुद्र, इस्राएली गुलामांची सुटका हा भागच नाही. योसेफावरून गोष्ट सरळ सीनाय पर्वतावरच्या आज्ञांवर उडी मारते. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही काढून टाकलेलं. बायबल गुलामगिरीच्या बाजूचं आहे असं छापणाऱ्यांना खरंच वाटलं असतं, तर कात्री कशाला लागली असती? त्याच १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. त्यासाठी वीस वर्षं झगडणारा विल्यम विल्बरफोर्स त्याच बायबलाचा भाविक होता.

## मग ज्याला जे हवं ते काढता येतं की!

हा आक्षेप रास्त आहे. यावर चर्चांनी वेगवेगळ्या तोडी काढल्या. प्रॉटेस्टंट म्हणतात, अवघड वचन सोप्या वचनांच्या उजेडात वाचा, बायबलच बायबलचा अर्थ सांगेल. कॅथलिक म्हणतात, अर्थाचा अखेरचा निवाडा चर्चच्या परंपरेसोबतच व्हायला हवा. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हेही लिहून ठेवलं की लेखकाने कोणता लेखनप्रकार वापरला, इतिहास की काव्य की संदेश, ते आधी पाहा. पाचव्या शतकाच्या आगेमागे उत्तर आफ्रिकेत बिशप असलेल्या ऑगस्टीनने आणखी जुना नियम दिलाय: ज्या अर्थाने देवावरचं आणि शेजाऱ्यावरचं प्रेम वाढत नाही, तो अर्थ लावणाऱ्याला शास्त्र अजून समजलेलं नाही.

एकही तोड परिपूर्ण नाही. पण ‘काहीही’ चालतं असंही नाही. सुईचं दार पुराव्यावर पडलं, मळेवाल्यांचं बायबल स्वतःच्या कात्रीने पडलं. गंमत म्हणजे नव्या करारातच अशी तक्रार नोंदलेली आहे: पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला कठीण आहेत आणि लोक त्या पिळवटून विपरीत अर्थ काढतात (२ पेत्र ३:१६).

भाविकही यात मागे नाहीत. यिर्मया २९:११, देवाच्या मनात तुमच्यासाठी हिताचे संकल्प आहेत, हे वचन किती ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर आणि दहावी-बारावीच्या शुभेच्छापत्रांवर असतं! ते बाबेलला धरून नेलेल्या कैद्यांना लिहिलेलं पत्र आहे, आणि त्याच्या आदल्या वचनात सत्तर वर्षं थांबा असं सांगितलंय. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांची हयात परमुलखातच जाणार होती.

## सगळ्यात अवघड: कनानचा संहार

यहोशवा हा इस्राएली लोकांचा सेनापती. त्याच्या नावाच्या पुस्तकात इस्राएली लोक कनान देश जिंकताना देवाच्या आज्ञेने शहरंच्या शहरं मारली जातात, बायका आणि मुलंसुद्धा. इथे मात्र गुलाबाचं फूल चालत नाही.

दुसऱ्या शतकात मार्कियोन नावाच्या माणसाने सरळ जुना करारच नाकारला. त्यातला देव वेगळा, येशूचा पिता वेगळा, असं त्याचं म्हणणं. रोमच्या मंडळीने सुमारे इ.स. १४४ मध्ये त्याला बाहेर काढलं. म्हणजे ही वाट तेव्हाच बंद झाली. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विचारवंताने या लढाया माणसाने आपल्या आतल्या दुर्गुणांशी करायच्या लढाया म्हणून वाचल्या. बऱ्याच परंपरावादी अभ्यासकांचं म्हणणं, हा देवाचा न्याय होता. उत्पत्ती १५:१६ प्रमाणे त्या लोकांचं पाप भरेपर्यंत देव पिढ्यान् पिढ्या थांबला. हे मोठ्यांच्या बाबतीत समजून घेता येईल. तान्ह्या मुलांच्या बाबतीत हे उत्तर माझ्या घशाखाली उतरत नाही.

अलीकडे बरंच चर्चेत असलेलं उत्तर लेखनप्रकारावर उभं आहे. त्या काळचे राजे विजयाच्या नोंदी फुगवून लिहायचे. मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या इ.स.पू. सुमारे १२०८च्या शिलालेखात इस्राएलचं बीजच उरलं नाही असं कोरलंय. मवाबचा राजा मेशा याचा १८६८ मध्ये सापडलेला शिलालेख म्हणतो, इस्राएल कायमचा नष्ट झाला. इस्राएल दोन्ही वेळा चांगला जिवंत होता. बायबलातही तसंच दिसतं. यहोशवा १० मध्ये हेब्रोन आणि दबीर इथे कुणी वाचलं नाही. १५व्या अध्यायात त्याच गावांतल्या लोकांशी पुन्हा लढावं लागतं, आणि शास्ते या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात कनानी लोक ठिकठिकाणी नांदताना दिसतात. म्हणजे ‘सगळे मारले’ हा रणगर्जनेचा शब्दप्रयोग.

उत्तर अभ्यासपूर्ण आहे, पण माझी कसोटी इथेही लावतो. आकडा कमी झाला म्हणून प्रश्न संपत नाही. शिवाय १ शमुवेल १५ मध्ये इस्राएलचा राजा शौल याने शत्रूचं सगळं संपवलं नाही म्हणूनच त्याला दोष दिला जातो, तिथे ही वाट अडखळते.

मेनोनाइटांसारखे शांतिवादी पंथ वेगळ्या टोकाने सुरुवात करतात: देव कसा आहे ते येशूवरून ठरवायचं आणि मागचं सगळं त्या उजेडात वाचायचं. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीत राहाब आहे, यरीहोची कनानी बाई. त्याच मत्तयाच्या १५व्या अध्यायात एक कनानी आई मुलीसाठी येशूच्या मागे लागते, त्याच्याशी हुज्जत घालते आणि जिंकते. ‘कनानी’ हा जुना शब्द मत्तयाने तिथे मुद्दाम वापरला असावा असं मला वाटतं. मार्कने तिलाच सुरफुनीकी, म्हणजे सुरियातल्या फिनिके भागातली, म्हटलंय. हे वाचन मला सगळ्यात जवळचं. तरी यहोशवाचं पुस्तक बायबलातून जात नाही, आणि ते वाचताना अस्वस्थ होणारा वाचक कमी श्रद्धेचा ठरत नाही.

## ज्यावर ख्रिस्ती लोकांचंच एकमत नाही

१ तीमथ्य २:१२ मध्ये, म्हणजे पौलाच्या नावावर असलेल्या पत्रात, बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये, असं आहे. यावरचे वाद ताजे आहेत. सदर्न बाप्टिस्टांनी २०२३ मध्ये स्त्रियांना पाळक नेमल्यावरून कॅलिफोर्नियातलं सॅडलबॅक हे भलं मोठं चर्च बाहेर काढलं. कॅथलिक चर्चने १९९४ मध्ये स्त्रियांना पुरोहितपद देता येत नाही असं पुन्हा एकदा जाहीर केलं. इकडे चर्च ऑफ साउथ इंडियात २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशपपदी एक स्त्री बसली.

बंधन मानणारे म्हणतात, पौल इथे आदाम आधी घडवला गेला असं कारण देतो, म्हणजे नियम त्या गावापुरता नाही. न मानणारे पौलाचंच रोमकरांस १६ उघडतात: सेविका फिबी, सहकारी प्रिस्का, प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया. १ करिंथ ११:५ मध्ये तर बायका मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौलाला ते मान्य आहे.

पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनमला होत्या तेव्हा त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्याला हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली होती. पुढे त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, पूर्ण बाहेर पडलं. ते वाचून शिकलेल्या पुरुषांनी १ तीमथ्य २:१२चं काय केलं असेल?

आणखी एक गोची आहे. त्याच परिच्छेदात, तीनच वचनं आधी, बायकांनी सोनं, मोती आणि भारी कपडे घालू नयेत असंही लिहिलंय. लग्नसराईत त्याची अंमलबजावणी कुठल्या चर्चने केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याला निर्मितीचं कारण जोडलेलं नाही, असा यावर बचाव होतो. ठीक. पण १ करिंथ ११ मध्ये बायकांनी प्रार्थनेच्या वेळी डोकं झाकावं, यालाही पौल निर्मितीचंच कारण देतो. अमेरिकेतल्या बंधन पाळणाऱ्या बहुतेक चर्चांत आज बायका उघड्या डोक्याने बसतात. आपल्याकडच्या गावातल्या उपासनेत ‘आपण प्रार्थना करू’ म्हटल्याबरोबर पदर डोक्यावर येतो. तो पौलामुळे येतो की आजीमुळे, यावर मात्र दोन मतं होऊ शकतात.